‘ना’ म्हणजे नक्की काय? बनवलेल्या भाषांमधल्या एका अक्षराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कशाबद्दल आहे?

माझा धंदा डीटीपीचा. बेळगावात दिवसभर लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड, बिलबुकं असं मराठी, कन्नड आणि इंग्रजीत टाइप करत असतो. उरलेल्या वेळात माणसांनी मुद्दाम बसून बनवलेल्या भाषा वाचायचा नाद आहे. या भाषांमध्ये ‘ना’ हा एकाक्षरी शब्द वारंवार भेटतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा. कुठे तो ‘नाही’ आहे, कुठे चक्क ‘आहे’. दुकानात चहा प्यायला येणारी मंडळी यावरून तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

बनवलेली भाषा म्हणजे काय? मराठीही कोणीतरी बनवलीच असेल की.

नाही. मराठी वापरातून घडली. ‘आजपासून नकाराला नाही म्हणायचं’ असं कोणी कुठल्या दिवशी ठरवलं नाही. बनवलेल्या भाषेला मात्र कर्ता असतो, बऱ्याचदा जन्मसालही असतं, आणि अमुक शब्द का घेतला याचं कारण पुष्कळदा त्याच्या कागदपत्रांत सापडतं. एस्पेरान्तो १८८७ ची, क्लिंगॉन १९८४ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटाची, टोकी पोना २००१ ची. म्हणून अशा भाषेत शब्दाचं मूळ शोधायचं तर धातू नंतर बघा. आधी तो शब्द कोणी ठेवला आणि कशासाठी ठेवला ते विचारा.

इतक्या शब्दांत ‘ना’च का निवडला?

कारण आपल्या भागात तो आधीच चार घरचा आहे.

मराठीतच बघा. ‘ना खंत ना खेद’ यात तो नकार. ‘येतोस ना?’ यात होकाराची अपेक्षा. ‘दे ना’ यात आर्जव (बेळगावात तिथे ‘दे की’ जास्त ऐकू येतं, ते सोडा). ‘मी ना, काल ना, बाजारात ना’ यात तो नुसता श्वास घ्यायची जागा आहे. नालायक, नापसंत, नाराज यांतला ‘ना’ फारसीतून आलेला. आणि शाळेत घोकलेलं ‘स ला ते, स ला ना ते’ आठवा. ‘मुलांना’, ‘पाहुण्यांना’ यांतला ‘ना’ हा विभक्तीचा प्रत्यय, त्याचा नकाराशी काडीचा संबंध नाही.

आता कन्नड. ‘नानु’ म्हणजे ‘मी’, आणि बोलताना त्याचं ‘ना’ होतं. ‘ना बर्तीनि’ म्हणजे ‘मी येतो’. ‘ना बरंगिल्ला’ म्हणजे ‘मी येणार नाही’. दोन्ही वाक्यं ‘ना’नेच सुरू होतात. कोल्हापूरहून नवीन आलेल्या माणसाला पहिल्या वाक्यात नकार ऐकू येतो आणि समोरचा तर येतो म्हणतोय. दुसऱ्या वाक्यात त्याचा अंदाज बरोबर निघतो, पण चुकीच्या कारणाने, कारण तिथला नकार शेवटच्या ‘इल्ला’त आहे. खानापूरवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात की कोकणीतलं ‘ना’ परत सरळसोट ‘नाही’ होतं.

ज्याला हे सगळं रोज ऐकायची सवय आहे त्याला पुढच्या भाषा फारशा विचित्र वाटू नयेत.

कोणत्या बनवलेल्या भाषेत ‘ना’ म्हणजे सरळ ‘नाही’?

लोजबानमध्ये. तिची आई म्हणजे लॉगलान. जेम्स कुक ब्राउन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ती १९५५ पासून बनवायला घेतली. भाषा बदलली तर माणसाची विचार करायची पद्धत बदलते का, हे तपासण्यासाठी काटेकोर तर्कावर चालणारी भाषा हवी, अशी त्यामागची कल्पना. पुढे हक्कांवरून भांडण झालं. एका गटाने १९८७ मध्ये वेगळं होऊन लोजबान उभी केली आणि जुने शब्द वापरायला अडचण नको म्हणून सगळा शब्दसंग्रह नव्याने बसवला. लॉगलानमध्ये नकाराला ‘नो’ होतं. लोजबानमध्ये ‘नो’ हा शून्य आकडा झाला आणि नकाराला ‘ना’ मिळालं.

लोजबानचे मूळ शब्द सहा भाषांच्या मिश्रणातून गणिताने काढले आहेत: चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी. हिंदीचं नाव ऐकून लोक लगेच म्हणतात, मग ‘ना’ आपलाच. तसं नाही. ते गणित पाच अक्षरी मूळ शब्दांपुरतं होतं. ‘ना’सारखे व्याकरणाचे छोटे शब्द वेगळे ठेवलेले आहेत, त्या सूत्रातून ते निघालेले नाहीत.

त्याचं काम मात्र बघण्यासारखं आहे. ‘मी क्लामा’ म्हणजे ‘मी जातो’ किंवा ‘मी येतो’. (हो, लोजबानमध्येही ‘मी’ म्हणजे मीच.) ‘मी ना क्लामा’ म्हणजे ‘मी जातो हे विधान खोटं आहे’. क्रियेवर नव्हे, अख्ख्या विधानावर फुली. हा फरक कुठे लागतो? आपण म्हणतो, ‘सगळे आले नाहीत’. म्हणजे एकही आला नाही, की काही आले आणि काही राहिले? मराठीत दोन्ही अर्थ निघतात, आणि जेवणावळीच्या हिशेबात दोन्हींत बराच फरक पडतो. लोजबानच्या १९९७ च्या व्याकरणानुसार ‘सगळे’ आणि ‘ना’ एका वाक्यात आले की अर्थ एकच: ‘सगळे आले हे खोटं’. थोडक्यात, निदान एक जण राहिला.

लोजबानमध्ये ‘नाहि’ आणि ‘नाय’ पण आहेत म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि मला या भाषेतली सर्वांत मजेची जागा हीच वाटते. रोमन लिपीत तिथे एन, ए, मग वर टांगलेला स्वल्पविराम आणि आय असं लिहितात. तो स्वल्पविराम लोजबानमध्ये ‘ह’ वाचायचा असतो. म्हणजे उच्चार झाला ‘नाहि’. अर्थ ‘नाही’ नाही. अर्थ असा, की तुझ्या प्रश्नातच खोट आहे. ज्याने उभ्या जन्मात घोट घेतला नाही त्याला कोणी विचारलं, ‘काय, दारू सोडलीस का?’, तर तो ‘हो’ म्हणाला तरी अडकतो आणि ‘नाही’ म्हणाला तरी अडकतो. लोजबानमध्ये तो शांतपणे ‘नाहि’ म्हणेल. असा शब्द आपल्याकडे हवा होता, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत.

‘नाहे’ हा तिसरा. ‘लाल’च्या आधी ‘नाहे’ लावलं की लाल सोडून दुसरं काहीतरी, असा अर्थ.

आणि ‘नाय’. तो ज्या शब्दाच्या मागे चिकटतो त्याला उलटा करतो. आनंद दाखवायला ‘वी’ म्हणतात, ‘वीनाय’ म्हणजे त्याच्या विरुद्ध भावना. आपल्याकडचं ‘जमत नाय’, ‘पटत नाय’ यातही तो मागेच येतो. सारखेपणा नुसता ऐकण्यापुरता आहे, पण एकदा कानात बसला की शब्द विसरत नाही, एवढा उपयोग नक्की.

‘ना’ म्हणजे ‘आहे’ असं कुठे असतं? उगाच सांगताय का?

क्वेन्या भाषेत. जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डमधले प्राध्यापक, जुन्या इंग्रजीचे अभ्यासक. त्यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’सारख्या कथा लिहिण्याच्या कितीतरी आधीपासून भाषा बनवायला घेतल्या होत्या, आणि आयुष्यभर त्या बदलत राहिले. क्वेन्यावर फिन्निश आणि लॅटिनची छाप आहे. तिच्यात दीर्घ ‘ना’ म्हणजे ‘आहे’. ‘हो, तसंच आहे’ अशा अर्थीही तो येतो.

लोजबानचा ‘ना’ टेबलावर बसून वाटलेला आहे. क्वेन्याच्या ‘ना’ला टॉल्किन यांनी पूर्वज दिले. ‘असणे’ या अर्थाचा एक आद्य धातू कल्पून त्यातून पुढची रूपं वाढवली, अगदी आपल्याकडे ‘अस्’पासून ‘आहे’पर्यंत रेघ ओढतात तशी. निरोपाचा शब्द ‘नामारिए’ याच कुळातला. त्याची फोड ‘ना’ म्हणजे ‘अस’ आणि ‘मारिए’ म्हणजे ‘बरा’. आपल्या ‘बरं आहे, येतो’च्या जवळ जाणारा. त्यांनी कॅथलिक प्रार्थना क्वेन्यात उतरवल्या, त्यात ‘आमेन’साठी ‘नासिए’ आहे, म्हणजे तथास्तु. आणि ‘नाय’ क्वेन्यातही आहे! तिथे तो शुभेच्छेचा: ‘असं होवो’. लोजबानवाल्याचा ‘नाय’ शब्दाला उलटा करतो, क्वेन्यावाल्याचा ‘नाय’ आशीर्वाद देतो.

त्यांचीच दुसरी भाषा सिंदारिन, वेल्श वळणाची. तिच्यात ‘ना’ हे ‘कडे, पर्यंत’ अशा अर्थाचं शब्दयोगी अव्यय आहे. ‘ना वेदुइ’ म्हणजे ‘अखेरीस’. एकाच माणसाच्या दोन भाषा आणि एकाच ध्वनीचे दोन अर्थ. टॉल्किन यांना त्यात काही चूक वाटली नसावी, कारण खऱ्या शेजारी भाषांत असंच होतं. मराठी-कन्नडचं उदाहरण वर दिलंच आहे.

एस्पेरान्तो सगळ्यांत प्रसिद्ध. तिच्यात ‘ना’ आहे का?

अधिकृत नाही, तरी आहे. ही गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल.

एस्पेरान्तोचे कर्ते लुडविक झामेनहोफ, डोळ्यांचे डॉक्टर. बालपण बियालिस्तोकमध्ये गेलं, जिथे रशियन, पोलिश, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे लोक एकाच गावात राहत आणि एकमेकांवर डोळे वटारत. सगळ्यांना सारखीच परकी अशी एक सोपी भाषा असावी, हे त्यांच्या डोक्यात तिथे शिरलं. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. १८८७ मध्ये वॉर्सा इथे त्यांनी ‘डॉक्टर एस्पेरान्तो’ या टोपणनावाने सोळा नियमांची पुस्तिका काढली. नकाराला शब्द ठेवला ‘ने’.

सोळा नियमांतला एक असा, की कर्माला शेवटी ‘न्’ लावायचा. ‘कातो’ म्हणजे मांजर, ‘मी विदास कातोन’ म्हणजे मी मांजर बघतो. नामं ‘ओ’ने संपतात तोवर हे छान चालतं. पण ‘मी बेळगाव बघतो’ म्हणायचं झालं तर? ‘बेळगावन्’ म्हणणं कानाला खटकतं, आणि काही लावलं नाही तर कर्म कुठलं ते कळत नाही. यावर काही बोलणाऱ्यांनी तोडगा काढला. शेपटीचा तो ‘न्’ काढून पुढे आणला, त्याला स्वर जोडला आणि झालं ‘ना’. ‘मी विदास ना बेळगाव.’ कर्माची पाटी अशी नावाच्या आधी लागली.

याला आजही अधिकृत मान्यता नाही. जुने जाणकार नाक मुरडतात. मला मात्र हा ‘ना’ सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण कर्त्याच्या डोक्यातून नव्हे तर वापरणाऱ्यांच्या अडचणीतून तो उगवला. शिवाय काम तेच, जे ‘पाहुण्यांना बोलावलं’मधला आपला द्वितीयेचा ‘ना’ करतो. योगायोगच. पण मराठी माणसाला एस्पेरान्तोचं हे प्रकरण एका मिनिटात समजतं, इंग्रजी माध्यमाच्या पोराला दहा मिनिटं लागतात.

क्लिंगॉनवाले ‘ना’ कुठे लावतात?

नामाच्या शेपटीला. मार्क ओकरँड यांनी चित्रपटासाठी ही भाषा बनवली, शब्दकोश १९८५ मध्ये आला. ते कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या मुत्सुन भाषेचे अभ्यासक होते. क्लिंगॉन ही प्रत्ययांची भाषा, एकामागून एक डबे जोडत जायचे. त्यांतला ‘-ना’ हा प्रत्यय ‘निःसंशय’ अशा अर्थाचा. कप्तानाला शब्द आहे, तो साधारण ‘खोड’ असा उच्चारतात (‘ख’ घशातून घासून, ‘ड’ मात्र अस्सल आपल्यासारखा मूर्धन्य). ‘खोडना’ म्हणजे नक्कीच कप्तान, वादच नाही. त्याच जागी ‘-कोक’ लावलं तर ‘म्हणे कप्तान!’, म्हणजे नावापुरता. पत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांची नावं लावताना हे दोन प्रत्यय हाताशी असते तर माझं बरंच काम हलकं झालं असतं.

क्लिंगॉनमध्ये नकार वेगळा आहे आणि तो दोन तऱ्हेचा. विचारलेल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायचा शब्द एक, आणि ‘मी करणार नाही, जा’ असं झिडकारायचा शब्द दुसरा. आपल्या ‘नाही’ आणि ‘नको’सारखंच काहीसं, फक्त त्यांच्या ‘नको’त विनंतीचा लवलेश नाही.

नावी आणि इंटरस्लाव्हिकबद्दल?

नावी ही २००९ च्या ‘अवतार’ चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी बनवली. तिच्यात ‘ना’ म्हणजे ‘सारखा’. गंमत म्हणजे तिथली अशी अव्ययं नामाच्या आधी सुटी ठेवली तरी चालतात आणि मागे चिकटवली तरी चालतात. भाषेच्या नावातल्या ‘ना’शी याचा संबंध जोडू नका. ‘नावी’ हा अख्खा शब्द ‘लोक’ अशा अर्थाचा आहे.

इंटरस्लाव्हिकचं काम २००६ च्या सुमारास सुरू झालं, पोलंडपासून बल्गेरियापर्यंतच्या स्लाव्ह लोकांना न शिकता कळावी म्हणून. शब्द ठरतो तो बहुमताने: जास्तीत जास्त स्लाव्ह भाषांत जो सापडेल तो घ्यायचा. ‘ना’ म्हणजे ‘वर’, टेबलावर, छपरावर. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन सगळीकडे तो आहेच, त्यामुळे निवडणूक बिनविरोध झाली.

त्या वर टांगलेल्या स्वल्पविरामाचा उच्चार काय?

भाषेवर अवलंबून. लोजबानमध्ये ‘ह’. क्लिंगॉन आणि नावीमध्ये घसा क्षणभर बंद करून झटक्यात सोडायचा. क्लिंगॉनच्या ‘-ना’च्या शेवटी तो आहे, म्हणून ‘ना’ म्हणून एकदम थांबायचं, कोणी मध्येच गप्प केल्यासारखं. क्वेन्यात हे चिन्ह नाही, तिथे ‘आ’ दीर्घ असल्याची खूण म्हणून अक्षरावर तिरकी रेघ असते. देवनागरीत टाइप करताना ‘ह’ सरळ ‘ह’ लिहावा. घशाच्या झटक्याला आपल्याकडे अक्षर नाही, तिथे अवग्रह (ऽ) वापरून काम भागतं.

टोकी पोनामध्ये ‘ना’ का सापडत नाही?

कारण ठेवलेलाच नाही. कॅनडाच्या सोन्या लँग यांची ही भाषा, शब्द मोजून सव्वाशेच्या आत-बाहेर. नकाराला तिथे ‘आला’. जॉर्जियन भाषेतल्या ‘आरा’वरून तो घेतला, आणि टोकी पोनात ‘र’ नसल्यामुळे त्याचा ‘ल’ झाला. आता ‘यान आला’ हे शब्द ऐका. ‘यान’ म्हणजे माणूस, म्हणून ‘यान आला’ म्हणजे ‘कोणी नाही’. मराठी कानाला मात्र कोणीतरी दारात येऊन उभा आहे असंच वाटणार.

हे सगळे ‘ना’ शेवटी संस्कृतातूनच आले ना?

दर आठवड्याला येणारा प्रश्न. संस्कृतचा ‘न’, फारसीचा ‘ना’, लॅटिनचा ‘ने’ आणि रशियनचा ‘न्ये’ हे खरोखर एका मूळ कुटुंबातले चुलतभाऊ आहेत, एकमेकांचे बाप नव्हेत. एस्पेरान्तोचा ‘ने’ युरोपातल्या याच नात्यातून उचललेला. पण क्वेन्याचा ‘आहे’वाला ‘ना’, नावीचा ‘सारखा’वाला ‘ना’ यांचा त्या कुटुंबाशी संबंध नाही. ‘न्’ आणि ‘आ’ हे तान्ह्या मुलालाही जमणारे ध्वनी, जगातल्या बहुतेक भाषांत दोन्ही आहेत. ते कुठेही एकत्र येणारच, आणि आल्यावर काहीही अर्थ घेणार. ग्रीक माणूस ‘ने’ म्हणतो तेव्हा तो ‘हो’ म्हणत असतो. कोरियनही तसंच. त्यांना संस्कृतशी जोडत बसण्यात वेळ घालवू नये.

या सगळ्याचा सीमाप्रश्नाशी काही संबंध आहे का?

नाही. (इथे लोजबानचा ‘नाहि’ही चालला असता.)

मुलगा दहावीत आहे आणि क्लिंगॉन शिकतोय. काही उपयोग होईल का?

नोकरीला, फारसा नाही. पण प्रत्यय, कर्म, विभक्ती हे शब्द पाठ न करता कळायला लागतील. शाळेत न बोलणारी पोरं माझ्या दुकानात या विषयावर तावातावाने भांडताना मी बघितली आहेत. मार्च संपेपर्यंत पुस्तक कपाटात ठेवा, मग द्या.

मी स्वतःची भाषा बनवतोय. ‘ना’ला कुठला अर्थ देऊ?

आधी ‘ना’ बाजूला ठेवा आणि तुमच्या भाषेत नकार किती प्रकारचे ते ठरवा. नवखे लोक इंग्रजी बघून एकच ठेवतात. तुम्ही बेळगावचे आहात, तुमच्याजवळ याहून मोठं भांडवल आहे. कन्नडमध्ये ‘इल्ला’, ‘अल्ला’ आणि ‘बेडा’. मराठीत ‘नाही’, ‘नव्हे’ आणि ‘नको’. ‘पाणी नाही’, ‘हे पाणी नव्हे’, ‘पाणी नको’ ही तीन वाक्यं कन्नडमध्ये करून बघा, जागच्या जागी बसतात. शब्द वेगळे, खाचा जवळजवळ त्याच. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाच्या बोलींवर जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये एक निबंध लिहिला. तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून वाक्यरचनेत इतक्या जवळ आल्या, की एका भाषेतलं वाक्य शब्दामागे शब्द बदलत दुसरीत नेता येतं, असं त्यांनी दाखवलं.

खाचा ठरल्या की मग ध्वनी द्या. ‘ना’ कुठल्याही खाचेत घाला, पण एक पथ्य पाळा. वाक्यात तो कुठे येणार हे आधी ठरवा: सुरुवातीला, शब्दाच्या मागे, की क्रियापदाच्या शेवटी. ‘ना बर्तीनि’चा गोंधळ अर्थामुळे होत नाही, मराठी कान ‘ना’ची वाट ज्या जागी बघतो त्या जागेमुळे होतो. वीसेक वाक्यं लिहा आणि घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ते ज्या वाक्याला ‘म्हणजे हो की नाही?’ असं विचारतील, तिथे दुरुस्ती करा.